म्हशीच्या जागेवर लेथ

बनाकाकूनं दुभती म्हैस विकली आणि तिच्या जागेवर मशीन आणून बांधली, अशी बातमी आमच्या गावात आहे. आमचं गाव कडेगावच्या जरा पुढं. हीच बातमी कडेगावच्या स्टँडवर ऐकलीत तर म्हशी दोन होतात. साताऱ्याला माझी श्रद्धामावशी राहते, तिच्यापर्यंत पोचेस्तोवर सगळा गोठाच रिकामा झालेला असतो. मावशी फोनवर आवाज बारीक करून, प्रत्येक शब्दाला इस्त्री फिरवून विचारते, "अगं, त्या बाईंनी म्हणे गुरंढोरं सगळी काढली? आणि मिस्टर काहीच बोलले नाहीत का गं?"

तर खरं काय ते सांगते. म्हैस विकलेली नाही. तिचं नाव राणी, आणि ती हंबीरनानांनी चारचाकीसाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते, शहाबादी फरशीवर, पंख्याखाली. चारचाकी बाहेर चिंचेखाली ताडपत्री पांघरून उभी असते. राणीच्या जुन्या गोठ्यात खाली पक्का कोबा आहे, वीज आहे आणि उत्तरेचा उजेड आहे, म्हणून तिथं काकूची लेथ आहे. अन्याय झालाच असेल तर तो गाडीवर झालाय. पण गाडीची बाजू घेऊन कोण बोलणार. मिस्टरसुद्धा बोलले नाहीत.

मिस्टर म्हणजेच हंबीरनाना, काकूचे यजमान. सैन्यातनं सुभेदार होऊन आलेत. मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करते, त्यात त्यांची नक्कल सगळ्यात सोपी. छाती पुढं काढायची, हनुवटी आत घ्यायची आणि मराठीच्या मधेमधे हिंदी पेरायची. "देखो, हमने बोल दिया तुमच्या काकूला, गाडी भिजंल. तर तुमच्या काकू म्हणाल्या, म्हस भिजली तर दूध कमी देती, गाडी भिजली तर काय कमी देती? आता ह्याला जवाब हाय का? न्हाई ना? मग बात खतम."

काकूची नक्कल अवघड आहे. तिचा आवाज पोटातनं येतो आणि समोरच्याला लागूनच परततो. शिवाय ती स्वतःची तारीफ स्वतःच करते, तीही इतक्या सरळ चेहऱ्यानं की ऐकणाऱ्याला वाटतं, बातम्या चालल्यात. "ह्या तालुक्यात ड्रिल घासावं तर म्या. दुसरं कोन न्हाई. हाय का दुसरं कोन? असंल तर सांगा, च्या पाजते त्येला."

ही विद्या काकूनं माहेराहून आणली. माहेर सांगलीजवळ माधवनगरचं. वडील तिथल्या गिरणीत फिटर. शाळा सुटली की बना त्यांचा डबा घेऊन जायची आणि डबा खाऊन होईस्तोवर फिटरच्या खोलीत थांबायची. तिथं धार लावायचा एक मोठा एमरीचा दगड गरगरत असायचा. वडलांनी एकदा गंमत म्हणून भोक पाडायचं बोथटलेलं ड्रिल तिच्या हातात दिलं. पोरीनं मनगट वळवून ते दगडाला असं टेकवलं की ठिणग्यांचा अगदी सारखा पंखा उडाला. वडील म्हणाले, "कुणी शिकिवलं?" ती म्हणाली, "आईनं. भाकरी थापताना असंच मनगट वळवतात." खरं का खोटं देव जाणे. ही गोष्ट काकू स्वतःच सांगते आणि दरवेळी ठिणग्या वाढतात.

मग लग्न होऊन ती इकडं उसाच्या रानात आली. नाना सरहद्दीवर, काकू सरीवर. पाण्याच्या पाळ्या, मजूर, पोरींची लग्नं, सगळं तिनं एकटीनं रेटलं. एमरीचा दगड कुठला न् काय कुठलं. नाना पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक दिवस विचारलं, "बोलो, तुमको क्या चाहिए?" त्यांना वाटलं काकू गंठण मागेल. काकूनं लेथ मागितली. सांगलीला जाऊन स्वतः पारखून आणली, टेबलावर बसणारी, शिलाई मशीनपेक्षा थोडी दांडगी, हौशी माणसाची. जोडीला एक छोटा एमरीचा दगडही. पितळेचा नाहीतर लोखंडाचा तुकडा तिच्यात धरायचा, तो गरागरा फिरतो, आणि आपण पोलादी हत्यार टेकवून त्याला बटाट्यासारखं सोलायचं. आता गावात कुकरचा दांडा हलला, देव्हाऱ्याच्या घंटेचा लोळा पडला, फवाऱ्याच्या पंपाचा नट झिजला, की लोक गोठ्यापुढं उभे. काकू आधी त्यांना बोलून घेते, मग काम करते. बोलून घेणं हेच तिचं मोल.

यंदाच्या जत्रेला जे झालं त्यात मी होते, म्हणून लिहितेय.

आमच्या जत्रेत पालखी उठते ती सनईवर. आधी ज्ञानूतात्यांची सनई वाजायची, मग भोयांनी खांदा द्यायचा, ही रीत. तात्यांच्या आधी त्यांचे वडील वाजवायचे, त्यांच्या आधी आजोबा. पण गेली दोन-तीन वर्षं जत्रा कमिटीच्या डोळ्यांपुढं मोठमोठे स्पीकर नाचायला लागलेत. कमिटीचा अध्यक्ष वीरधवलदादा. दादा वाईट नाही, फक्त त्याच्या तोंडात माइक कायमचा अडकलाय. घरी पाणी मागतानासुद्धा म्हणत असेल, "सर्व कुटुंबीयांना नम्र विनंती आहे, कृपया एक तांब्या पाणी व्यासपीठाकडं आणावं."

तर जत्रेच्या दिवशी दुपारी ज्ञानूतात्या गोठ्यात आले. तळहात पुढं केला. हातात पितळेची एक बारीक नळी होती, म्हणजे आधी नळी होती, आता पापडी झालेली. सनईच्या टोकाला ही नळी बसते आणि नळीच्या टोकाला फुंकायची पत्ती. नळी नाही तर सनई म्हणजे नुसती काठी. तात्यांनी सकाळी ती धुऊन देवळाच्या फरशीवर उन्हात ठेवली होती. स्पीकर घेऊन आलेली ट्रॉली मागं घेताना चाक बरोबर तिच्यावरनं गेलं.

"मुद्दाम न्हाई क्येलं कुणी," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज म्हणजे पत्ती ओली न केलेली सनई, अर्धा वारा अर्धा सूर. "दुसरी व्हती ती पोरानं पुन्याला न्हेली. मिरजंला जाऊन आनायची म्हटलं तर तवर पालखी परत देवळात. वीरधवल म्हनला, तात्या, पाचापतूर वाट बघतो, न्हाईतर पेनड्राइव्हवर लावतो सनई."

"मग लावू दे की यंदा," नाना म्हणाले. "एक साल की बात है."

तात्यांनी मान हलवली. "एकदा पेनड्राइव्हवर पालखी उठली की फुडल्या साली मला कोन बोलवतंय नाना? पेनड्राइव्हला ना जेवान लागतंय, ना फेटा."

काकूनं ती पापडी उचलली, उजेडात धरली, एका बाजूला न चेपलेला तुकडा राहिला होता तो मापून घेतला. "करते," ती म्हणाली. "पितळंची बारीक सळई हाय माझ्याकडं. पाचाच्या आत फुकाल तुमी. पर आधी देवाला निवद दाखवून येते, ताट वाढून ठिवलंय. आवं, तुमी मशीनला हात लावू नगा." हे शेवटचं नानांना.

नानांना असं सांगायचं म्हणजे सैनिकाला खंदक दाखवायचा.

काकू वळणापलीकडं जाते न जाते तोवर नानांनी बाह्या सरसावल्या. "देखो बेटा, टाइम कम है. काकू येईपर्यंत आपण भोक पाडून ठेवू." आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमचा सगळा मुलूख उसाचा, आणि उसाच्या मुलखात माणसाची इज्जत कोयत्याच्या धारेवर तोलतात. नानांचा कोयता गावात एक नंबर. ते अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून दाखवतात, निसटलं नाही की धार पास. त्यामुळं नानांच्या लेखी ड्रिल म्हणजे पीळ घातलेला कोयताच. त्यांनी ते दगडावर घासून घासून असं पाजळलं की नखाला टेकवल्यावर नखच सोललं. "ये हुई ना बात," म्हणत त्यांनी बोट चोखलं.

सळई त्यांनी लेथच्या तीन जबड्यांच्या चकात आवळली. मी तर खुशीत होते. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात निवेदक बोलतात तसं मी सुरू केलं, हातात काकूचं तेलाचं बुधलं माइकसारखं धरून. "आणि लाल मातीत उतरलेत सुभेदार हंबीरराव. समोर पितळ पैलवान. दिसायला किरकोळ आहे मंडळी, पण घराणं चिवट. सलामी झडलेली आहे." ज्ञानूतात्यासुद्धा हसले. नानांनी ड्रिल लेथच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि तिथलं चाक फिरवून ते फिरत्या सळईवर आणलं. "आणि पकड बसली."

पकड बसली ती ड्रिलची. नाना चाक हळूच फिरवत होते, पण ड्रिल हळू जायला तयारच नव्हतं. ते पितळेत शिरलं आणि स्वतःच आत ओढलं जायला लागलं, जसा विहिरीत बैल घसरावा. चक करकरला, सळई जबड्यांत घसरली, तिच्या अंगावर दातांचे ओरखडे उठले, आणि टक. एवढंच. ड्रिलचा पुढचा अर्धा आत, मागचा अर्धा बाहेर.

निवेदकानं बुधलं खाली ठेवलं. तात्या आपल्या पापडीकडं बघत राहिले.

काकू रिकामं ताट घेऊन परत आली. तिनं आधी नानांचं बोट बघितलं, मग मोडकं ड्रिल, मग सळई. पोटातनं आवाज आला.

"आवं, कोयता लावला व्हय ड्रिलाला?"

"धार बिलकुल बरोबर व्हती," नाना म्हणाले. "पितळ घातकी निघालं."

"पितळ घातकी न्हाई. ऊस हुबा असतोय, तुमी कोयता घालता आन् त्यो आडवा पडतोय. पितळ तसं न्हाई. त्येला पाजळलेली धार घावली की त्ये तिला आत वडतंय. बाजारात नवी नवरी शिरली की बांगडीवाले वडत्यात तसं." तिनं सळईचा मोडका भाग करवतीनं कापून काढला. जो तुकडा राहिला तो जेमतेम नळीएवढा, वर बोटाच्या पेरभर. पितळ तेवढंच होतं. हे तुटलं तर पेनड्राइव्ह.

काकूनं तीन जबड्यांचा चक सोडून बाजूला ठेवला. "ह्यो आता न्हाई. ह्यो म्हंजे तिघी जावांनी धरल्यालं लुगडं. एक वडती, एक सोडती, तिसरी म्हनती मला काय ठावं न्हाई." कपाटातनं तिनं मऊ फडक्यात गुंडाळलेली चीज काढली. कोलेट. पोलादाची बोटभर नळकांडी, तिला उभ्या चिरा पाडलेल्या. सळई तिच्यात घालायची, नळकांडी चकाच्या जागी लेथच्या तोंडात बसवायची आणि वरनं नट पिळायचा, की सगळ्या चिरा एकदम मिटतात आणि सळईला चहूकडनं सारखं धरतात.

"ह्यो कासाराचा हात," काकू म्हणाली. "चुडा भरताना कासार कसा हात दाबतो? समदीकडनं सारखा. दुखत न्हाई आन् सुटतबी न्हाई."

तिनं मशीन सुरू केली. आधी सळई फिरताना टोक थरथरत दिसत होतं. आता ती फिरतेय की थांबलीय तेच कळेना. तात्या वाकून बघायला लागले तसं काकूनं त्यांचा फेटा मागं सरकवला.

मग ड्रिल. काकूनं दुसरं घेतलं आणि दगडापुढं उभी राहिली. मनगट वळलं, ठिणग्यांचा पंखा उडाला, ड्रिल अर्धं फिरलं, पुन्हा तसाच पंखा. बघून सांगता आलं नसतं की कुठली कड आधी घासली आणि कुठली नंतर. लोखंडाच्या एका भंगार तुकड्यावर तिनं ते चालवून दाखवलं. दोन्ही बाजूंनी दोन सारखी वेटोळी निघाली, एका सोऱ्यातनं पडलेल्या कुरडयांसारखी. "एक कड जरा लांब झाली की एकाच अंगानं किस निघतोय, आन् भोक वाकडं जातंय. मग नळीच्या कुशीतनं बाहीर. कळलं का?"

इथवर ठीक होतं. नानासुद्धा मान डोलावत होते. आणि मग काकूनं काय करावं? सहाणेसारखा एक बारीक दगड घेतला आणि आत्ताच लावलेली ती सुंदर धार त्या दगडानं चेपायला लागली. दोन्ही कडांची पुढची बाजू हळूच घासून सपाट, म्हणजे चक्क बोथट.

"अगं अगं अगं," नाना म्हणाले. "मर्डर है ये."

मलाही राहवेना. पाच वाजायला आलेले. देवळाकडनं वीरधवलदादाचा आवाज येत होता, "सर्व भोयांना नम्र विनंती आहे, पालखीजवळ जमावं." तात्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मी म्हटलं, "काकू, बोथट हत्यार पितळेत जाणारच नाही. तू घाईत उलटं करतेयस."

"म्या? उलटं?"

"लाव पैज."

काकूनं दगड खाली ठेवला. तिला पैज म्हणजे सणच. "लाव. ह्ये ड्रिल न अडकता, न वडता आरपार गेलं, तर जत्रंच्या माइकवर जाऊन तू म्हनायचं, बनाकाकूचं बोथट ड्रिल खरं, मी हरले. आन् तुझ्या सवताच्या आवाजात. नक्कल न्हाई चालनार. माझी न्हाई, नानांची न्हाई, त्या वीरधवलची न्हाई."

"आणि नाही गेलं तर?"

"तर म्या माइकवर जाऊन म्हनीन, माझ्यापरास नानांचा कोयता भारी."

नाना लगेच माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

काकूनं फिरत्या सळईच्या मधोमध आधी एक छोटा खड्डा पाडला, ड्रिलला वाट दाखवायला. मग ते बोथट ड्रिल आणलं. चाक फिरवलं. मी वाट बघत होते की आता अडकतंय, आता करकरतंय. काही नाही. किस निघेना, निघाला तो रवा. पिवळा, कोरडा, बारीक भाजल्या रव्यासारखा, काकूच्या बोटांवर पडत राहिला. ड्रिल काकू नेईल तेवढंच जात होतं. थोडं आत, मग बाहेर काढून रवा झटकायचा, पुन्हा थोडं आत. हूं नाही की चूं नाही. मी निवेदन करायला तोंड उघडलं, पण या कुस्तीत सांगण्यासारखं काहीच होत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

"आलं," काकू म्हणाली. पलीकडच्या टोकाला ड्रिलचं नाक दिसलं. बरोब्बर मध्यात.

नाना माझ्या बाजूनं हळूच काकूच्या बाजूला सरकले. "हमने बोला था," म्हणाले.

मग बाहेरनं सोलणं. काकूनं हत्यार तिरकं धरून नळी वर निमुळती, खाली जाड केली, पॉलिश पेपर फिरवला, कापली आणि तात्यांच्या हातावर ठेवली. ती अजून कोमट होती. तात्यांनी बुडाला दोरा गुंडाळला, सनईत बसवली, पत्ती ओठांत भिजवून टोकाला लावली. फुंकली.

सूर आला, पण खाली. तात्यांच्या भुवया जवळ आल्या. "जरा लांब झाली बना. ही सनई दुसऱ्याची वाटती."

माइकवर दादा म्हणाला, "पाच वाजलेले आहेत. तात्या जिथं असतील तिथनं त्यांनी, कृपया."

"पळ," काकू मला म्हणाली, "त्येला सांग, पालखीला हात लावशील तर तुझ्या स्पीकरची वायर कापीन." मी पळाले नाही. मी गोठ्याच्या दारातनंच पोटात हवा भरली आणि बनाकाकूच्या आवाजात ते वाक्य देवळाकडं फेकलं. माइक एकदम गप्प झाला. काकूनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या डोळ्यानं नळी पुन्हा कोलेटमध्ये धरली. तिथंच कळलं की ती चीज फडक्यात का गुंडाळतात. नळी काढून परत लावली तरी अजिबात थरथर नाही, जिथं होती तिथंच बसली. काकूनं टोकाचं पितळ केसभर उतरवलं. तात्यांनी फुंकली. अजून खाली. पुन्हा केसभर. पुन्हा फुंकली.

या वेळी तात्यांनी डोळे मिटले. सूर गोठ्यातनं बाहेर पडला, शेडमधल्या राणीनं मान वर केली, आणि नाना, ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, ते नकळत सावधान उभे राहिले. तात्या वाजवत वाजवतच निघाले. फेटा घालायचा राहिला होता, तो मी त्यांच्या मागनं पळत पळत नेला. देवळापुढं भोई उभेच होते. दादानं आपला माइक बंद करून स्वतःच्या छातीशी धरला होता. सनई ऐकली आणि भोयांनी पालखी उचलली.

पालखी गावाला वळसा घालून परत देवळात आली तेव्हा काकू मंडपाच्या खांबापाशी हाताची घडी घालून उभी होती. "जा," ती म्हणाली.

दादानं मला माइक दिला. समोर सगळं गाव. मी घसा साफ केला आणि तोंडातनं निघालं, "सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती आहे." लोक खदखदून हसले.

खालनं काकू म्हणाली, "न्हाई. ह्यो वीरधवल झाला. पुन्यांदा."

मी पुन्हा सुरू केलं. "देखो, बात ऐसी है."

"ह्ये आमचं मालक. पुन्यांदा."

तिसऱ्या वेळी मी आवाज शोधत बसले नाही, डोळे मिटून नुसतं बोलून टाकलं. "बनाकाकूचं बोथट ड्रिल खरं. मी हरले." स्पीकरमधनं जो आवाज आला तो किनरा होता, थोडा फाटलेला, आणि मला स्वतःलाच ओळखीचा वाटेना. हसणारे एकदम थांबले. पुढच्या रांगेतल्या एका आजीनं शेजारणीला विचारलं, "ह्यी कुनाची नक्कल गं?"

काकूनं हाताची घडी सोडली. "मान्य," ती म्हणाली, आणि नानांना घेऊन जेवायला गेली.